बांधापासून तीन मीटर सोडून

वावेखारच्या सेंद्रिय गटाच्या फॉर्मात सतरावा प्रश्न असा होता : गटातील सदस्यांचा एकमेकांवर विश्वास आहे काय? पुढं दोन चौकटी होत्या, एक होयची, एक नाहीची. कमळच्या सुनेनं, कल्पितानं, होयच्या चौकटीत बरोबरची खूण केली. त्या दिवशी कमळचा नवरा मोरू आणि शेजारचा काळूराम यांच्यातलं बोलणं बंद होऊन अकरा वर्षं दोन महिने झाले होते.

कारण बांध. दोघांच्या भातशेतांच्या मधून तो रस्त्यापासून खाडीकडच्या खाजणापर्यंत सरळ जात होता. डोक्यावर भारा घेतलेलं एक माणूस त्याच्यावरनं जाऊ शके, दोन नाही. दोघांनी एकदा प्रयत्न केला होता आणि दोघंही पडले होते, एक इकडं, एक तिकडं. मोरूच्या शेतात जायची वाट तेवढीच, म्हणून बांध मोरूचा. काळूरामच्या आज्यानं तो घातलेला आणि दरसाल त्यावर काळूरामची तूर उभी राहायची, म्हणून बांध काळूरामचा. मोजणीवाला दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा पाऊस आला. दुसऱ्यांदा साखळीचं टोक मोरूनं धरलं आणि ते त्यानं ओढलं असं काळूरामचं म्हणणं पडलं. मग दोघांनी मुरुडच्या कचेरीत अर्ज केले, आणि प्रत्येकानं दुसऱ्याच्या अर्जाची नक्कल काढून आपल्या घरात जपून ठेवली.

हे दोघं एका गटात आले ते केवळ पाच ही संख्या भरत नव्हती म्हणून. सेंद्रिय शेतीचं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा नियम पाच शेतकऱ्यांचा. तीन वर्षं शेतात गोणीतलं खत न टाकलेली माणसं वावेखारात बरोबर पाच निघाली. हमदुल्लाचाचा कुवेतला बावीस वर्षं काढून आलेला. त्याच्या नारळ-सुपारीच्या वाडीत पडलेलं पानसुद्धा तो वाकून उचलायचा. सदू आणि चांगदेव हे भाऊ सेंद्रिय होते ते आळसानं. काळूरामच्या गोठ्यात सहा म्हशी होत्या, त्याला गोणीची गरजच नव्हती. पाचवी कमळ. सातबारा तिच्या नावावर होता. सासऱ्यानं मरताना जमीन मुलाला न देता सुनेला दिली होती, कारण तो मोरूला लहानपणापासून ओळखत होता.

बाहेरचा तपासनीस येत नसे. गटातल्यांनीच एकमेकांची शेतं तपासायची आणि एकमेकांच्या कागदावर सह्या करायच्या, अशी रीत होती. दुसऱ्याच्या शेतात डोकावायची सवय गावाला आधीपासून होतीच. आता खाली सही करायची, एवढाच फरक.

कमळला हा प्रमाणपत्राचा कागद पाहिजे होता. काशीदचं एक मोठं रिसॉर्ट गटाचा लाल राता तांदूळ दरवर्षी उचलायला तयार होतं, पण कागद असला तरच. आणि निकेत, तिचा मुलगा, उरणला ट्रेलर चालवायचा. त्याच्याकडं फार्महाउसवाला एक दलाल येऊन बसत होता. सही कमळचीच लागणार होती. पण निकेतनं गळ घातली की कमळला नाही म्हणता येत नसे, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून तिनं आधीच त्याच्याकडनं कबूल करून घेतलं होतं : यंदा कागद झाला तर शेत राहील, नाही झाला तर दिवाळीनंतर ती सही करील आणि उलव्याला राहायला येईल. त्याच्या उलव्याच्या खोलीत ती चार दिवस राहून आली होती. चौथ्या मजल्यावरनं खाली बघितलं की चक्कर येई आणि वर बघितलं की पाचव्या मजल्यावरचे ओले टॉवेल तोंडावर ठिबकत.

श्रावणात संस्थेच्या जागृती मॅडम आल्या आणि तीन वर्षांची डायरी मागितली. कधी काय मारलं, किती मारलं, सगळं लिहिलेलं हवं. मोरू म्हणाला, काहीच मारलेलं नाही तर लिहायचं काय. मॅडम म्हणाल्या, काही मारलं नाही हेही लिहावं लागतं. मग कल्पितानं तीन दिवस बसून तीन वर्षांचं काही नाही लिहून काढलं. तीन रंगांची पेनं वापरली, मधेच चहाचे डाग पाडले. 'आज काही मारले नाही.' 'आजही नाही.' पुढंपुढं तिला कंटाळा आला असावा : 'पाऊस होता. नसता तरी मारले नसते.' मॅडमनी ती वही चाळली आणि इतकी नियमित नोंद आपण तालुक्यात पाहिली नाही असं सांगितलं.

तपासणीची तारीख दसऱ्यानंतरची पडली.

दसऱ्याला आठ दिवस होते तेव्हा कमळ म्हशीसाठी गवत कापायला बांधावर गेली. भात पोटऱ्यातनं बाहेर पडून वाकायला लागलं होतं. ऊन असं की लुगड्याचा पदर डोक्यावर घेतला तरी टाळू तापत होती. रस्त्याकडनं कापत कापत ती मधल्या अंगाला आली आणि तिचा विळा थांबला. बांधावरचं गवत हातभर रुंदीनं पिवळं पडलं होतं. तीस-एक पावलं लांब. काळूरामची तूर त्या पट्ट्यात उभ्या उभ्या वाळली होती, पानं जिथल्या तिथं, जणू कुणी इस्त्री केलीय. उन्हानं गवत असं वाळत नाही. ऊन काही बांध मोजून पडत नाही. तिनं मूठभर गवत उपटून नाकाशी नेलं, मग घरी नेऊन म्हशीपुढं टाकलं. म्हशीनं वास घेतला आणि कमळकडं बघितलं.

मोरू पडवीत काथ्याची दोरी वळत बसला होता. कमळनं त्याला काही विचारलं नाही. ती घरामागं गेली, लाकडं ठेवायच्या छपरात हात घातला. तिथं नातीची होळीची पिचकारी होती. पाठीवर दप्तरासारखी अडकवायची, गुलाबी, वर सशाचं तोंड, कानातनं पाणी भरायचं. सशाच्या कानाला तोच वास होता.

ती पिचकारी तिनं आणून मोरूच्या पुढ्यात ठेवली. मोरूनं सशाकडं बघितलं आणि दोरी वळायची थांबवली नाही. गौरी गेल्यावर दुसऱ्या दिवशी, उजाडता उजाडता, असं त्यानं सांगितलं. औषध मुरुडला घेतलं असतं तर गावात कळलं असतं म्हणून तो दोन एसट्या बदलून माणगावला गेला होता. पंप कुणाकडं मागितला असता तर त्यानं कशाला म्हणून विचारलं असतं, म्हणून पिचकारी. सशाचे पट्टे खांद्यात काचले होते. त्यानं बंडी सरकवून वळसुद्धा दाखवला.

"तूर लावतो," मोरू म्हणाला. "दरसाल लावतो आनि मंग बोलतो, बांध माजा. तूर न्हाय तं बांध कसला त्याचा."

"आनि आपला कागद?"

मोरूला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "मी डाव्या हातात पत्रा धरलेला," तो म्हणाला. "आपल्या बाजूला. आपल्या शेतात एक थेंब पडू दिला न्हाय. पोरीनं तीन वर्सं लिवलेलं मी खोटं पाडीन काय?"

कमळच्या हातात विळा होता. तिनं तो खाली ठेवला, आधी लांब, मग अजून थोडा लांब.

पिचकारी धुवून टाकावी तर जागा सापडेना. विहिरीवर धुवावी तर विहीर फॉर्मात लिहिलेली. ओहोळात धुवावी तर ओहोळ फॉर्मात लिहिलेला, लांबीसकट. अंगणातलं पाणी आळवाला जात होतं आणि आळूसुद्धा कल्पितानं उत्साहानं लिहिलेलं होतं. शेवटी ससा होता तसाच गोणत्यात बांधून आढ्याला टांगला गेला. तीन वर्षांत काही नाही मारलेल्या घरात विष ठेवायला तेवढी एकच जागा फॉर्मातनं सुटली होती.

दसरा झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कमळ कुदळ घेऊन बांधावर गेली. मोरूला तिनं सोबत येऊ दिलं नाही. जळलेलं गवत मुळासकट खरवडायचं, पाटीत भरायचं, रस्त्यापलीकडं खड्ड्यात टाकायचं. मग खाजणाच्या कडेचं जिवंत गवत ढेकळासकट कापून आणून बांधावर बसवायचं, पायानं दाबायचं. ओलं ढेकूळ म्हणजे नुसतं ओझं. पाटीतला चिखल गालावरनं ओघळून मानेत जायचा, खारा, आणि तिथं वाळून कातडी ओढायचा. दुपारपर्यंत तिच्या उजव्या अंगठ्याजवळ फोड आला, फुटला, आणि त्यात माती गेली. वाळलेली तूर तिनं उपटली नाही. ती काळूरामची होती. उपटली असती तर तेवढ्यानं दुसरं भांडण झालं असतं, आणि एका वेळी एकच भांडण निस्तरायची तिची ताकद होती.

काळूरामची बायको आवडाबाई आपल्या शेतात छत्री घेऊन बसली होती. बायकांचं आपसातलं बोलणं बंद नव्हतं. ते चालू होतं हेच जास्त वाईट होतं.

"कमळे," आवडाबाई छत्रीतनं म्हणाली, "बांधाला नवं लुगडं नेसवतेस काय गो?"

कमळनं ढेकूळ दाबलं.

"अकरा वर्सात कदी मूठभर माती लावली न्हायस. आज बरी माया आली."

"आमचा हाय," कमळ म्हणाली. "कदी पन लावीन."

"बोललीस ना? बरं झालं." आवडाबाईनं छत्री दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि संध्याकाळपर्यंत दुसरा शब्द काढला नाही. कमळला ते बरं वाटलं नाही. आवडाबाई गप्प बसली की ती कशाची तरी जमवाजमव करतेय हे सगळ्या वावेखारला ठाऊक होतं.

काम दोन दिवसांत झालं. बांध हिरवा दिसू लागला. कमळला कूस बदलताना कंबर धरावी लागत होती, पण कूस बदलून बदलून ती त्या हिरव्या पट्ट्याचाच विचार करायची. खाजणातल्या गवताला खारं पाणी लागतं आणि बांधाच्या माथ्यावर ते कुठनं येणार, हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा तपासणीला एक दिवस उरला होता.

तपासणीच्या दिवशी तो पट्टा तपकिरी होता. आधी नुसतं गवत पिवळं होतं, लक्ष गेलंही नसतं. आता दोन्ही कडा सरळ, मापून पाडल्यासारख्या. वरनं विमान गेलं असतं तर पायलटनं चौकशी केली असती.

जागृती मॅडम टोपी, कॅनव्हासचे बूट आणि टॅब घेऊन आल्या. आधी काळूरामचं शेत. कमळनं तपासायचं होतं, पण तपासलं मोरूनं. एक तासभर तो एकेक पान उलटं करून बघत होता. शेणखताच्या ढिगात त्यानं मनगटापर्यंत हात घातला, बोटांचा वास घेतला, आणि अखेर हमदुल्लाचाचाला सांगितलं की मॅडमना सांगा, ह्यांच्या म्हशी विकतची पेंड खातात. हमदुल्लाचाचानं ते मॅडमना सांगितलं. काळूरामनं हमदुल्लाचाचाला सांगितलं की त्याला सांग, तुझी म्हैसपण मागच्या वर्षी आमच्या गोठ्यात शिरून तीच पेंड खाऊन गेली. चाचानं तेही पोचवलं. कुवेतला त्यानं बावीस वर्षं टेलिफोनच्या खात्यात काढली होती.

मग सगळी कमळच्या शेताकडं निघाली. बांध एका माणसापुरता, म्हणून रांग. पुढं मॅडम, मग काळूराम, मधे चाचा, मग मोरू, कमळ, सदू, चांगदेव. आवडाबाई पलीकडनं शेतातनं रांगेला समांतर चालत होती. कमळला मॅडमची पाठ दिसत होती आणि ती मनात पावलं मोजत होती. चाळीस. पन्नास. बूट थांबले.

"हे काय झालंय इथं?" मॅडमनी विचारलं.

सदूनं चांगदेवकडं बघितलं, चांगदेवनं आभाळाकडं. काळूरामनं खाकरून घसा मोकळा केला. तो ह्या क्षणासाठी महिनाभर थांबला होता. इतका धीर त्यानं लग्न ठरतानाही धरला नव्हता.

"हमदुल्ला, बाईंना सांग," तो म्हणाला. "गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या पारी, हा मानूस बांधावर आलेला. पाठीला ससा."

"काय?" मॅडम म्हणाल्या.

"ससा. गुलाबी. त्याच्यातनं औषद मारत व्हता. डाव्या हातात पत्रा. मी राखनीच्या माचावर बसून सगळा बगलाय."

मॅडमनी विचारलं, मग तेव्हाच का नाही सांगितलं. काळूरामला प्रश्न समजला नाही. तपासणी आज आहे, तो म्हणाला, तपासणीतलं तपासणीत सांगायचं. मॅडमनी टॅबवर वर-खाली करून बघितलं. सशासाठी जागा नव्हती.

मोरूचे कान तापून लाल झाले होते. कमळला वाटलं, आता हा कबूल करील आणि मोकळा होईल, आणि आपण दिवाळीनंतर ओल्या टॉवेलांखाली जाऊन बसू. पण मोरू म्हणाला, "चाचा, मॅडमना सांग. बांध त्याचा हाय. त्याच्या बांधाचं मला कशाला इचारतात?"

अकरा वर्षांत मोरूच्या तोंडनं हे वाक्य पहिल्यांदा बाहेर पडलं. काळूराम आनंदानं एक पाऊल पुढं आला. ते पाऊल खाली टेकायच्या आत जागृती मॅडम बोलू लागल्या. त्या नवीन होत्या, नियम पाठ होते. बांध ज्याच्या शेतात मोडतो, औषध त्याच्या शेतात पडलं असं धरतात. त्यानं गटात राहायचं, पण त्याची तीन वर्षं आजपासून पुन्हा मोजायची. शेजाऱ्यानं बांधापासून तीन मीटर सोडून बाकी शेताचा कागद घ्यायचा.

काळूरामचं पाऊल होतं तिथंच राहिलं.

"चाचा," तो सावकाश म्हणाला, "बांध माजा न्हाय. बांध त्याचा. पैल्यापासून."

"त्याचाच हाय," मोरू म्हणाला. "त्याच्या आज्यानं घातलेला. मी आजाला बगलाय, देवमानूस."

"ह्याची वाट हाय ती. वाट ज्याची, बांध त्याचा."

"तूर कोनाची हाय, इचार त्याला."

"तूर काय, उंदीर बी नेऊन लावील."

मॅडमनी कागद मागितला. दोघांनी पिशव्या आणल्या होत्या. कचेरीचं काही असलं की दोघंही पिशवी घेऊनच निघत. मोरूनं आपल्या पिशवीतनं काळूरामचा अर्ज काढला : सदर बांध माझ्या वाडवडिलांपासून माझा आहे. काळूरामनं आपल्या पिशवीतनं मोरूचा अर्ज काढला : सदर बांध माझा असून इतर कोणाचाही नाही. दोघांनी एकमेकांचं हस्ताक्षर किती अस्सल आहे ते पटवून दिलं. काळूराम मोरूच्या सहीबद्दल इतकं चांगलं बोलला की कमळला आपल्या लग्नातसुद्धा तिकडच्या माणसांकडनं मोरूची एवढी स्तुती ऐकल्याचं आठवेना.

मॅडमनी पनवेलच्या साहेबांना फोन लावला. उन्हात सगळे उभे. भातातनं तापलेला वास येत होता. चांगदेव बांधावर बसला आणि सदूनं त्याला उठवलं, म्हणाला, बसू नको, तुझा म्हणून लिहितील. फोनवर बराच वेळ झाला. मग मॅडमनी साहेबांचं उत्तर सांगितलं : फॉर्म जमिनीचा आहे, माणसाचा नाही. स्वतःच्या जमिनीत काय टाकलं याला रकाना आहे. दुसऱ्याच्या जमिनीत टाकलं तर त्याला रकाना नाही.

हमदुल्लाचाचानं टोपी काढून डोकं पुसलं. "म्हंजे ज्यानं मारला तो पास, ज्याच्यावर पडला तो नापास," तो म्हणाला. "मॅडम, कुवेतमधे बी असा इन्साफ बगला न्हाय."

"बरोबर नाही," मॅडम म्हणाल्या, "पण तसंच आहे." आणि त्या कमळकडं वळल्या. "सातबारा तुमच्या नावावर आहे, कमळताई. मोरूकाकांचं म्हणणं मी लिहू शकत नाही. तुम्ही सांगा. बांध कुणाचा?"

कमळनं आधी मोरूकडं बघितलं. तो हुशारीनं डोळे मिचकावत होता, आपण फार मोठा डाव टाकलाय अशा तोंडानं. मग तिनं काळूरामकडं बघितलं. त्याची तूर वाळलेली. महिनाभर माचावर बसून त्यानं ह्या दिवसाची वाट पाहिली होती आणि दिवस उलटून त्याच्याच छातीवर बसला होता. त्यानं कमळचं काही केलं नव्हतं, म्हणजे ह्या वर्षी काही केलं नव्हतं. हातातला फोड ठणकत होता. तिनं अंगठा मुठीत दाबला.

"त्यांचा," ती म्हणाली.

"परवा बोललीस आमचा हाय," पलीकडनं आवडाबाईचा आवाज आला.

"परवा चुकून बोलले."

काळूरामनं दोन्ही हात वर केले. नाही म्हणजे नाही, तो चाचाला म्हणाला, ह्यांनी काय वाट्टेल ते लिहावं, माझी सही मिळणार नाही. बांध सरकारला द्या, शाळेला द्या. मॅडम म्हणाल्या, कुणीच घेतला नाही तर दोन्ही शेतं बाद, दोन बाद म्हणजे उरले तीन, आणि तिघांचा गट होत नाही. त्यावर सदू-चांगदेव पहिल्यांदाच जागे झाल्यासारखे दिसले. आळसानं मिळालेलं हातचं जाणार होतं.

आवडाबाईनं छत्री मिटली. शेतातनं ती बांधावर चढली, चढताना हात द्यायला कुणी पुढं झालं नाही. मॅडमच्या पुढ्यात उभी राहिली.

"लिवा," ती म्हणाली. "बांध आमचा."

"अगो, तीन वर्सं जातील," काळूराम ओरडला.

"जाऊंदे. कागद काय, तीन वर्सांनी परत भेटंल." तिनं नवऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही, ती कमळकडं बघत होती. "बांध परत भेटायचा न्हाय. मॅडम, ही आता बोलली ते बी लिवा. कमळबाईनं सोताच्या तोंडानं सांगितलं, बांध त्यांचा. खाली तिची सही घ्या. आनि ह्या चौघांची. साक्षीदार म्हनून."

कमळनं सही केली. टॅबच्या काचेवर बोटानं करायची होती, आणि फोडातलं पाणी काचेला लागलं. मॅडमनी रुमालानं पुसलं आणि पुन्हा करायला लावली. मग काळूरामनं केली, हमदुल्लाचाचानं केली, सदू-चांगदेवनं केली. मोरूची सही कुणी मागितली नाही. त्याचा डोळा मिचकायचा थांबला होता. अकरा वर्षांत तहसीलदाराला जमलं नव्हतं ते एका पिचकारीनं झालं होतं, पाच सह्यांनिशी.

कागद दिवाळीआधीच आला. निकेतनं फोनवर नुसतं बरं म्हटलं आणि पुन्हा दलालाचं नाव काढलं नाही. कल्पितानं कागद प्लॅस्टिकमध्ये घालून देवाजवळ लावला. त्यावर कमळचं नाव होतं, गट नंबर होता, आणि खाली बारीक अक्षरात : बांधापासून तीन मीटर सोडून. त्या तीन मीटरांतलं भात वेगळं कापायचं, वेगळं झोडायचं, रिसॉर्टला द्यायचं नाही. ते घरी खायचं असं ठरलं. ते ऐकून मोरूनं दोन दिवस जेवण सोडलं. तिसऱ्या दिवशी कमळनं शिजतोय तो तांदूळ अजून मागच्या वर्षीचाच आहे हे डबा उघडून दाखवलं तेव्हा तो जेवला.

कापणीच्या पहिल्या दिवशी दोघं विळे घेऊन गेली तर बांधाच्या तोंडाशी करवंदीच्या काट्यांचं कुंपण घातलेलं. मोरू काटे ओढायला गेला. आवडाबाई आत बांधावर गोणपाट टाकून बसली होती, मिश्री लावत.

"हात लावू नको," ती म्हणाली. "कागद हाय."

मोरूनं आयुष्यात पहिल्यांदा नियम पाळल्यासारखा हात मागं घेतला. मॅडमना फोन केला; मॅडम म्हणाल्या, वाटेचा प्रश्न फॉर्मात येत नाही. कचेरीत गेलं तर पुन्हा मोजणी, पुन्हा साखळी, पुन्हा पाऊस. भात तर पिकून झुकलं होतं, लोंब्या हात लावताच गळत होत्या. आणखी आठ दिवस ते थांबणार नव्हतं.

उरली खाजणाची वाट. खाडीचा चिखल, तिवरांतनं वळसा, भरतीला कमरेइतकं पाणी आणि ओहोटीला मांडीइतका गाळ. कमळनं हमदुल्लाचाचाकडनं भरती-ओहोटीचं गणित घेतलं. पहिल्या दिवशी ओहोटी साडेदहाला लागायची. मग रोज पाऊण तास पुढं. मोरू तिवरांतनं एकदा जाऊन आला, एक चप्पल आत ठेवून आला, आणि म्हणाला, भारा घेऊन माणूस जाणार नाही. तो कापून देईल, बांधून देईल, त्याची पाठ पहिल्यासारखी राहिली नाही. कमळनं बरं म्हटलं. लुगड्याचा काचा वर ओढून घट्ट खोवला, चुंबळ डोक्यावर ठेवली, मोरूनं भारा उचलून दिला.

पहिलं पाऊल गुडघ्यापर्यंत गेलं. दुसरं त्याच्याही वर. गाळ गार होता आणि तळाशी कालवांच्या शिंपल्यांच्या धारदार कपऱ्या होत्या. एक तळव्यात घुसली ती तिनं तशीच राहू दिली, कारण काढायला वाकलं तर भारा गेला असता. मान ताठ. लोंब्यांची टोकं कपाळावर टोचत होती. पाय काढताना चिखल असा आवाज करायचा की बांधाच्या खाजणाकडच्या टोकाशी येऊन बसलेलीला तो नीट ऐकू जात असणार.

आवडाबाईनं तोंडातली मिश्री थुंकली.

"जपून गो कमळे," ती म्हणाली. "पडशील."

कमळ थांबली. मान वळवता येत नव्हती, म्हणून ती समोर तिवरांकडं बघूनच बोलली.

"पडले तं सरकारच्या जागंत पडीन," ती म्हणाली. "तुज्या बांधावर न्हाय."

आणि तिनं पुढचा पाय गाळातनं काढला. अजून एकवीस भारे होते आणि पाणी यायला तीन तास.